कृपया पत्ता टाका

आयुष्यातली तीन वर्षं मी एका डब्यावर घालवली. डबा म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरचा तो लांबट पांढरा चौकोन, ज्यात फिकट अक्षरांत 'कृपया पत्ता टाका' असं लिहिलेलं असतं. त्याचे कोपरे किती गोल असावेत यावर आमच्या ऑफिसात आठ मीटिंगा झाल्या. आठही मीटिंगांना मी होते आणि एकदा तर मी तावातावाने भांडलेही होते. कोपऱ्यांसाठी.

आमचं ऑफिस चिंचवडात, काचेच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. टेम्पोवाल्यांना रस्ता दाखवणारं ॲप आम्ही बनवत होतो. भोसरीच्या छोट्या कारखान्यात सुटे भाग भरायचे आणि चाकणच्या मोठ्या कंपनीत नेऊन उतरवायचे, असं त्या टेम्पोंचं काम. ते रस्ते डांबरी होण्याआधीपासून तिथे गाड्या हाकणाऱ्या माणसांना रस्ता दाखवायची जबाबदारी माझ्यावर होती. मी रोज सांगवीहून स्कूटीवर यायचे आणि टेम्पोत जन्मात बसलेली नव्हते. यात कोणालाच काही विनोदी वाटलं नाही. मलाही नाही. मी डिझायनर होते.

आमचे सर नऊ वर्षं परदेशात राहून आलेले. तिथे प्रत्येक रस्त्याला नाव आणि प्रत्येक घराला नंबर असतो, ही गोष्ट त्यांनी फार मनावर घेतली होती. 'युजरला विचार करायला लावू नका' हे त्यांचं लाडकं वाक्य. ते स्वतःही हा नियम कसोशीने पाळत.

अडचण एवढीच होती की ड्रायव्हर आमचा डबा वापरत नव्हते. ॲप उघडायचे, कारण उघडलं नाही तर हजेरी लागत नसे. आणि मग फोन खिशात टाकून एकमेकांना विचारत विचारत जायचे. सरांनी यावर खोल विचार केला आणि दोष ड्रायव्हरांच्या मानसिकतेत आहे असं शोधून काढलं. लगेच सगळ्या टेम्पोमालकांना कागद गेला: 'ॲप दाखवेल त्याच रस्त्याने जावे. चालकाने स्वतःचे डोके लावू नये.' कागदावर आमचा लोगो होता. त्याचेही कोपरे गोल होते.

तरीही ॲपच्या वापराचा आलेख वर जाईना. तेव्हा मला एक दिवस टेम्पोत बसवून पाठवायचं ठरलं. कारण असं की वार्षिक अहवालात 'प्रत्यक्ष भेट' असा एक रकाना होता आणि त्यात टाकायला फोटो नव्हता.

ज्यांच्या टेम्पोत मला बसवलं त्यांना सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. पंचावन्नच्या पुढचे, काळेवाडीचे. त्यांचे वडील तिथल्याच एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट. माझ्यासाठी सीटवर स्वच्छ टॉवेल अंथरून ठेवला होता आणि डॅशबोर्डवर पाण्याची सीलबंद बाटली.

"बसा मॅडम. काच खाली घेऊ का? एसी नाही आपल्याकडं."

भोसरीत बावीस क्रेट लोखंडी ब्रॅकेट भरून झाले. चाचांनी फोन काढला आणि अगदी सवयीने स्टोअरच्या क्लार्ककडे दिला. क्लार्कनेही मान वर न करता मालासोबतच्या चलनावरचा पत्ता टाइप करायला घेतला.

"चाचा, तुम्हीच टाका ना," मी म्हणाले. "मला तेच तर बघायचंय."

चाचा जरा ओशाळले. "टाकतो की मॅडम. पण ह्यांचा हात बसलाय."

मला वाटलं, आता आपलं कसब दाखवायची वेळ आली. डब्याच्या उजव्या टोकाला मी माइकचं चिन्ह ठेवलं होतं. "टाइप करायचीसुद्धा गरज नाही. हे दाबा आणि नुसतं बोला. कुठलंही गाव."

चाचांनी घसा साफ केला, फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "खराबवाडी."

फोनने थोडा विचार केला आणि 'खराब गाडी' असं समजून जवळपासची सात गॅरेजं दाखवली.

चाचा मनापासून हसले. "गाडी चांगली आहे मॅडम. परवाच काम केलंय."

मग त्यांनी वरच्या खिशातून चष्मा काढला आणि एका अंगठ्याने अक्षरं शोधायला लागले. पत्ता होता म्हाळुंग्याचा. पहिली तीन अक्षरं पडताच खाली ठळक अक्षरांत 'म्हाळुंगे' उमटलं. हे माझं कर्तृत्व होतं. अर्ध्या शब्दात माणसाच्या मनातलं ओळखायचं, यासाठी मला मागल्या वर्षी ऑफिसात टाळ्या मिळाल्या होत्या.

चाचांनी त्या शब्दाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे दाबू?"

"दाबा."

"नक्की?"

"चाचा, ॲपवर भरवसा ठेवा हो."

त्यांनी दाबलं. आम्ही निघालो. मी माझ्या फोनवर नोंद केली: 'युजरने दोन टॅपमध्ये ठिकाण निवडले. समाधानी वाटतो.' नंतर पुढची अर्धी वाट मी मान खाली घालून अशाच नोंदी करत होते. मध्ये दोनदा चाचांनी विचारलं, "मॅडम, इकडूनच ना?"

"ॲप काय म्हणतंय?"

"ॲप म्हणतंय इकडूनच."

"मग झालं तर."

टेम्पो थांबला तेव्हा फोनमधली बाई गोड आवाजात म्हणत होती, 'आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात.' मी मान वर केली. समोर वीस-बावीस मजल्यांचे टॉवर, मधोमध कारंजं, आणि पांढरे हातमोजे घातलेला गार्ड आमच्याकडे येत होता.

"काय आणलंय?" त्याने विचारलं.

"प्रेसचे पार्ट," चाचा म्हणाले. "बावीस क्रेट."

"कुठल्या फ्लॅटला?"

मला तिथेच, त्या कारंज्यात, जीव द्यावासा वाटला. ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: म्हाळुंगे दोन आहेत. एक बालेवाडीजवळचं, जिथे लोक राहतात. आणि एक चाकणजवळचं, जिथे कारखाने आहेत. दोन्हींच्या मध्ये अख्खं पिंपरी-चिंचवड आहे. माझ्या हुशार डब्याला जास्त लोकांनी शोधलेलं म्हाळुंगे वर दाखवायची शिकवण मीच दिली होती. आणि जास्त लोक फ्लॅट शोधतात, ब्रॅकेट नाही.

"चाचा," मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की. तीस वर्षं गाडी चालवतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"दोनदा विचारलं की मॅडम तुम्हाला. डोकं लावायचं नाही असा कागद पण आलाय ना. आणि तुम्ही स्वतः शेजारी बसलेल्या. म्हटलं, मॅडमनी काहीतरी नवा रस्ता काढला असेल."

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता.

परतीच्या वाटेवर, वाकडच्या पुलाखाली अडकलेलो असताना चाकणच्या कंपनीतून सुपरवायझरचा फोन आला. स्पीकरवरच होता. माल कुठाय, लाइन थांबायची वेळ आलीय, असं तो ओरडत होता.

"टायर बसला साहेब," चाचा शांतपणे म्हणाले. "स्टेपनी लावली. आलोच."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "तुमचं नाव कशाला घ्यायचं." मी फोनमधली 'समाधानी वाटतो' ही नोंद गुपचूप खोडली.

शेवटी खऱ्या म्हाळुंग्यात पोचलो, तर ॲपने आम्हाला कंपनीच्या पुढच्या गेटवर नेलं. तिथे हिरवळ होती, झेंडे होते आणि टेम्पोला पाहून लांबूनच काठी हलवणारा माणूस होता. माल मागच्या गेटने जातो, हे आमच्या नकाशाला माहीतच नव्हतं. चाचांनी फोनकडे न बघता टेम्पो वळवला आणि खड्ड्यांच्या एका वाटेने वळसा घालून मागे आणला. मागच्या गेटवर गावातलाच एक साठीचा गार्ड होता.

"आलास व्हय?" तो म्हणाला. "आज लई टायम लावला. आन ह्या बाई कोन?"

"ॲपवाल्या मॅडम आहेत."

"बरं बरं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या पदवीची लाज वाटली.

माल उतरेपर्यंत आम्ही सावलीत बसलो. मी विचारलं, "तुम्ही लोक नवीन ठिकाणी जाता कसे?" चाचांनी आढेवेढे घेतले, मग फोन पुढे केला. ड्रायव्हरांचा एक ग्रुप होता. त्यात लिहिलेलं जवळजवळ काहीच नव्हतं, सगळे आवाज. त्यांनी एक लावला. कोणीतरी मराठवाड्याकडचा माणूस सांगत होता, "मोठ्या गेटला जाऊच नका. पुढं टायरचं दुकान लागतंय, तिथून डाव्या हाताला वळा. वायर खाली आलीय, वरपर्यंत माल असंल तर हळू घ्या."

पंधरा सेकंदांत त्या माणसाने पत्ता, वळण आणि धोका सांगितला होता. आमच्या टीमला यासाठी तीन वर्षं लागली होती, आणि अजून जमलं नव्हतं.

"क्लार्ककडून का टाइप करून घेता, चाचा?"

"अक्षरं येतात मॅडम मला. चौथीपर्यंत उर्दू शाळेत होतो. मराठी पाट्या वाचून वाचून आली. पण तुमचा तो डबा उघडला आणि आत ती उभी काडी लुकलुकायला लागली, की मास्तर छडी घेऊन उभे आहेत आणि सगळा वर्ग माझ्याकडं बघतोय असं होतं. मग हात चालत नाही."

ती काडी किती वेगाने लुकलुकावी हे मीच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सगळं सांगितलं. दोन म्हाळुंग्यांची गोष्ट ऐकून लोक खूप हसले आणि कामाला लागले. मी सरांना चाचांकडून मागून घेतलेले ग्रुपवरचे दोन-तीन आवाज ऐकवले आणि माझी कल्पना सांगितली: टाइप करायचंच नाही. जो ड्रायव्हर गेटवर पोचलाय त्याने तिथे उभं राहून एक बटण दाबायचं आणि आपल्या शब्दांत त्या जागेबद्दल बोलायचं. पुढच्याने कंपनीचं चित्र बघायचं, आवाज ऐकायचा, 'हेच' म्हणून बोट लावायचं. बस.

सरांनी हनुवटी चोळली. "पण यात डिझाइन कुठंय?"

"डबा काढून टाकला, हेच डिझाइन."

"आणि हे लोक बोलतील काय? तू ऐकवलंस त्यात एकाने गेटला 'कुत्र्यांचं गेट' म्हटलंय. प्रोफेशनल वाटत नाही."

"तिथे सहा कुत्री आहेत, सर."

अखेर एका भागापुरतं करून बघायची परवानगी मिळाली, ती मुख्यतः मी त्यांच्या केबिनच्या दारातून हलेना म्हणून. आठवड्याभरात ते चाललं. ड्रायव्हर बोलायला लागले. कोणी दोन शब्द बोले, कोणी भाषण ठोके, एकाने शेवटी 'धन्यवाद, आपला आभारी आहे' असंही म्हटलं. चाचांनी तर गेटमागून गेट नोंदवलं. महिनाभराने आलेख वर गेला आणि सरांना कळलं की ही कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती.

मग चाकणच्या त्याच कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर प्रात्यक्षिक ठरलं. मी गेले, सोबत चाचांनाही नेलं. साहेबांना मी आधी जुना डबा दिला आणि म्हटलं, "आपल्याच कंपनीचा पत्ता टाका." त्यांनी टाकला. सारख्या नावाच्या पाच जागा आल्या. त्यांनी चिडून फोन टेबलावर ठेवला. खोलीतले सगळे हसायचं की नाही हे ठरवण्यासाठी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी मोठ्या ऐटीत नवीन पडदा उघडला, त्यांच्या मागच्या गेटच्या चित्रावर बोट लावलं, आणि चाचांचा आवाज त्या वातानुकूलित खोलीत घुमला:

"हे मागचं गेट. इथं माल घेतात. गार्ड माणूस चांगला आहे, पण दोन ते अडीच झाडाखाली जेवायला बसतो. तेव्हा गेट बंद असतंय. घाई करू नका, त्याला जेवू द्या."

हे मी आधी ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. चारदा. मला ते फार गोड वाटलं होतं.

साहेबांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. "दोन ते अडीच आपलं मटेरियल गेट बंद असतं?"

चाचा खुर्चीच्या कडेला बसले होते, ते उठून बाहेर गेले. प्रात्यक्षिक यशस्वी झालं. सरांनी माझ्या पाठीवर थाप दिली. दोन दिवसांनी त्या गार्डला मेमो मिळाला.

त्यानंतर एकही नवीन आवाज आला नाही. चाचांचा नाही, कोणाचाच नाही. ऑफिसात यावर चर्चा झाली. कोणी म्हणालं बटणाचा रंग बदलू, कोणी म्हणालं ड्रायव्हरांना टोप्या वाटू. मी चाचांना फोन केला. त्यांनी उचलला, सलाम-नमस्कार सगळं केलं, आणि म्हणाले, "मॅडम, ते आम्ही आमच्या माणसांसाठी बोललो होतो. साहेबांसाठी नाही." एवढंच. आवाज चढवला असता तर मी काहीतरी बचाव केला असता.

मग मी त्यांना म्हटलं, मला गार्डकाकांकडे घेऊन चला. चाचा हो-नाही करत तयार झाले. आम्ही पोचलो तेव्हा काका झाडाखाली नव्हते, गेटला चिकटून एका स्टुलावर डबा उघडून बसले होते, ऊन डोक्यावर. मी समोर उभी राहून म्हणाले, "काका, चूक माझी आहे. चाचांची नाही. ते मी साहेबांना ऐकवायला नको होतं."

काकांनी घास चावून संपवला. "मेमोचं काय न्हाई वो. कागुदच त्यो. पर माजा जेवायचा टायम साहेबाला सांगून तुमास्नी काय मिळालं?"

पाठीवर थाप मिळाली, असं कसं सांगणार?

"चुकलं," मी पुन्हा म्हणाले.

"चुकलं तर चुकलं. उभ्या का? बसा. ठेचा चालतो का?"

चाचा इतका वेळ टेम्पोच्या आरशाशी काहीतरी करत होते. ते आले, त्यांनी आपलाही डबा आणला. आम्ही तिघं त्या गेटच्या पातळ सावलीत जेवलो. ठेचा तिखट होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळ्यांनी ते ठेच्यावर ढकललं.

ऑफिसात येऊन मी सांगितलं की आवाज फक्त ड्रायव्हरांनाच ऐकू येतील असं करायचं. कंपन्यांना नाही, आम्हालाही नाही. सर म्हणाले, डेटा आपला आहे. मी म्हणाले, कुठला डेटा? आणि गेल्या पंधरवड्याचा आलेख दाखवला. तो जमिनीला टेकला होता. सरांचा माणसांवर फारसा विश्वास नसला तरी आलेखांवर अढळ श्रद्धा आहे. त्यांनी मान्य केलं. शिवाय मी जेवणाच्या सुट्टीत एक बदली माणूस गेटवर असावा असं पत्र कंपनीला पाठवायला लावलं. ते पत्र दोन महिने फिरलं, पण बदली आला. काका पुन्हा झाडाखाली जेवायला लागले, आणि आलेखही हळूहळू पुन्हा उठला.

सरांनी पुढे एका परिषदेत या सगळ्यावर भाषण केलं. त्यात चाचांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं 'निरक्षर युजर'. मला ते आदल्या दिवशी दिसलं. चार भाषा बोलणारा, दोन लिप्या वाचणारा माणूस आहे तो, असं मी सांगितलं. बराच वाद झाला. शेवटी 'अनुभवी युजर' वर तडजोड झाली. मला एक प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं आडनाव चुकलं होतं.

परवा मोशीत एका टपरीवर चाचा भेटले. आम्ही चहा घेत होतो. चाचांनी "साखर कमी टाक भावा" असं म्हटलं, तेवढ्यात बाजूच्या बाकावरचा एक अनोळखी ड्रायव्हर कप हातात घेऊन उठला.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "कुरुळीच्या पुढच्या त्या खड्ड्याचं सांगणारे तुम्हीच का? आवाज ओळखला मी. जालन्याहून नवीन आलो तेव्हा पहिले पंधरा दिवस तुमच्याच आवाजावर गाडी चालवली, राव."

चाचा लाजले. दाढीवरून हात फिरवला, काहीतरी पुटपुटले. तो माणूस गेला. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, त्या खड्ड्याच्या मेसेजमध्ये मध्येच मला खोकला आलाय. तेवढा काढता येईल का?"

मी म्हणाले, येईल, पण त्यासाठी तीन जणांची मंजुरी लागते आणि एक मीटिंग घ्यावी लागेल.

"मग राहू दे," चाचा म्हणाले, आणि टेम्पोकडे निघाले.